आमच्या घंटागाडीवाल्या दादांना

दादा,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चांगलं काम केलं म्हणून कोणी तुम्हालाच नोटीस काढायचं.

सांगलीच्या शामरावनगरात राहायचं म्हणजे पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटांत तुंबलेलं पाणी आणि बाकी वर्षभर त्याच प्लॉटांत कचरा. २०१९च्या महापुरानंतर भिजलेल्या गाद्या, कुजलेलं धान्य सगळं रस्त्यावर आलं, ते समजण्यासारखं होतं. पण पूर ओसरला तरी ढीग काही हटेनात. तक्रार न्यावी तर उत्तर ठरलेलं, "तुमचीच लोकं टाकतात, आधी त्यांना शिकवा." एका साहेबांनी हे खुर्चीतून न उठता सांगितलं. पुढं तक्रार निकाली निघाली, ढीग होता तिथंच.

रस्त्याकडेचा कचरा मोजणं तुमच्या कामात बसत नव्हतं. घरचा ओला-सुका घ्यायचा आणि पुढच्या गल्लीत जायचं. तरी स्टेअरिंगशेजारी तुमची वही असायची. कुठल्या कोपऱ्यावर, कधी दिसला, कशाचा ढीग. कोंबड्यांची पिसं, मंडपातलं थर्माकोल, आणि सगळ्यात जास्त राडारोडा. तुटक्या फरशा, विटांचे तुकडे, प्लास्टर. दोन खोल्यांच्या घरातून ट्रॉलीभर फरशा निघतात का हो? "काल संध्याकाळी नव्हता, सकाळी आहे" असं तुम्ही लिहायचात. रात्रीच्या ट्रॅक्टरचं आम्ही ओरडून सांगत होतो, ते तुमच्या त्या एका ओळीत आलं. ओताच्या, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्याच्या, काठावर टाकलेला राडारोडा तुम्ही वेगळा लिहिलात, कारण ओत बुजला की पहिल्या जोराच्या पावसात पाणी आमच्याच उंबऱ्याला लागतं. पाडकामाचा कचरा रस्त्यात किंवा गटारात टाकू नये हा नियम २०१६ पासून आहे. तो फक्त आम्हालाच ऐकवला जायचा.

पण मला आठवते ती वेगळीच गोष्ट. वही वर पाठवायच्या आदल्या दिवशी तुम्ही गाडी बंद केलीत, आमच्या पायरीवर बसलात आणि पानं वाचून दाखवलीत. वर म्हणालात, "काकू, यात काही चुकलं असलं तर आत्ताच सांगा." सासूबाई आतून बाहेर आल्या. शाळेमागच्या ढिगातल्या दोन पिशव्या आपल्याच गल्लीतल्या आहेत, म्हणाल्या. तुम्ही हसला नाहीत, कोणाच्या ते विचारलं नाहीत. तसंच लिहून घेतलंत. आमच्याबद्दलचा कागद आम्हाला वाचून दाखवणारे तुम्ही पहिलेच. एरवी आमच्याकडून नुसत्या सह्या घेतात.

पुढं जेसीबी आला, ओताचा काठ मोकळा झाला, फोटोही निघाले. फोटोत तुम्ही नव्हता. असू दे. त्या पिशव्यांची ओळ तुम्ही लपवली नाहीत म्हणूनच बाकीची वही खरी धरली गेली, असं मला वाटतं. माणूस साधा असला की त्याच्या शब्दाला वजन येतं. ते हुद्द्यानं येत नाही. कामगारांना हातमोजे वेळेवर मिळत नाहीत, तुमच्या गाडीचं दार दोरीनं बांधलेलं, आणि तरी कोणाशी आवाज चढवून बोललेलं ऐकलं नाही.

हायवेकडच्या कोपऱ्यावर परवा पुन्हा फरशा पडल्यात. तारीख आणि वेळ सासूबाईंनी कॅलेंडरवर टिपून ठेवलीय. सोमवारी गाडी आली की जरा थांबा, लिहून घ्या. चहा टाकतेच.

तुमची,
कोपऱ्यावरच्या घरातली काकू