आईच्या लाळग्रंथी आम्हाला समजावून सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार. आईच्या ओठातून काढलेल्या लाळग्रंथींच्या इवल्या तुकड्याचा अहवाल आपण दिलात आणि शोग्रेन सिंड्रोमचे, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच लाळेच्या व अश्रूंच्या ग्रंथींवर उलटण्याच्या आजाराचे, निदान पक्के झाले. ते आपले कामच होते, असे आपण म्हणाल. परंतु अहवाल हातात देऊन वाटेला न लावता आपण आईला सूक्ष्मदर्शकाजवळ बसवलेत, त्याचे आभार मानल्यावाचून राहवत नाही.

त्याआधी कोल्हापुरातच आम्ही जिथे जिथे गेलो, तिथे ‘वय झाले’, ‘पाणी कमी पिता’, आणि एका ठिकाणी तर ‘मनाचे खेळ आहेत’ असे ऐकून परतलो. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही आणि तांबडा रस्सा जिभेला सोसत नाही, हे ती प्रत्येकाला सांगत होती. कोणी तिच्या तोंडात नीट पाहिलेसुद्धा नाही.

आपण बोलण्यापूर्वी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवलात आणि तिचा घोट होईपर्यंत दर वेळी थांबलात. कोरड्या तोंडाने दोन वाक्ये बोलतानाही जीभ टाळूला चिकटते, हे तिने न सांगता ओळखणाऱ्या पहिल्या आपणच. ते थांबणे मी विसरणार नाही. विद्वत्ता पुष्कळांकडे असते, समोरच्याचा घोट होऊ देण्याची माणुसकी मात्र आम्हाला इतक्या दारांनंतर भेटली.

मग आपण कागदावर लाळ स्रवणाऱ्या पेशींचा पुंजका काढून दाखवलात. कनेक्झिन नावाची सहा प्रथिने मिळून अर्धी नळी होते, शेजारच्या पेशीची अर्धी नळी तिला भिडली की आरपार वाट तयार होते, आणि त्या वाटेने कॅल्शियमसारखे आयन व लहान रेणू जात असल्याने एका पेशीला मिळालेला इशारा शेजारणींपर्यंत पोहोचून सारा पुंजका मिळून लाळ सोडतो. या पेशींत कनेक्झिन ३२ आणि २६ हे प्रकार असतात, तर पुंजक्याला बाहेरून आवळणाऱ्या पेशींत कनेक्झिन ४३. “वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांमधली खिडकीच की,” असे आई म्हणाली, तेव्हा आपण तिचे म्हणणे मानाने उचलून धरलेत. या नळ्या साध्या काचपट्टीवर दिसत नाहीत, हेही आपण स्वच्छ सांगितलेत. दिसत होती ती ग्रंथीत घुसलेल्या लिम्फोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींची गर्दी. ती पाहून आई एवढेच म्हणाली, “म्हणजे मी खोटं बोलत नव्हते.”

नष्ट झालेल्या पेशी पिलोकार्पिन या लाळ वाढवणाऱ्या औषधाने परत येणार नाहीत, उरलेल्या पेशींकडून मात्र लाळ वाढू शकेल, ही मर्यादाही आपण लपवली नाहीत. त्यामुळेच आई गोळ्या विश्वासाने घेते, आणि आपण दिलेला तो कागद तिने आपल्या फाइलीत सर्वांत वर लावला आहे.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी, कोल्हापूर