सुईची नोंद कुठेच नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

प्रतिजैविक जागृती सप्ताहानिमित्त आपल्या कालच्या अंकात आलेला लेख वाचला. 'शेतकऱ्यांनी जनावरांना मनमानी अँटिबायोटिक देणे थांबवावे' हे वाक्य त्यात तीनदा आहे. सुई टोचतं कोण, दूध घेतं कोण आणि नोंद ठेवतं कोण, हे एकदाही नाही. म्हणून राहवलं नाही.

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, संकरित जातीच्या) गायीला दगडी, म्हणजे कासेला सूज येण्याचा रोग, झाला. एक सड लाल, गरम. पिळला की गाठी यायच्या. सरकारी दवाखान्याला कुलूप होतं, म्हणून खासगी डॉक्टर बोलावले. तीन दिवस इंजेक्शन दिलं. कोणतं ते लिहून दिलं नाही, खोकाही गाडीतच ठेवला. दूध किती दिवस घालायचं नाही, असं विचारलं तर म्हणाले, "ताई, बाकीच्या तीन सडांचं घाला की!" औषध रक्तातून चारही सडांत उतरतं, हे मला कळतं, त्यांना कळत नसेल?

त्या रात्री घरच्या दुधाला विरजण लावलं. सकाळी पातेल्यात दूध तसंच पातळ. दही लावणारे जिवाणूच त्या औषधानं वाढू दिले नाहीत. मग मी डेअरीवर जाऊन सांगितलं, की गायीला सुया चालू आहेत. काट्यावरच्या पोरानं फॅट बघितली आणि म्हणाला, "तीन-आठ लागलीय, घाला." फॅट एक पॉइंट कमी लागली की पैसे कापतात, पण दुधात औषध आहे का हे आमच्या गावात कुणी कधी तपासलेलं मी पाहिलं नाही.

मी घातलं नाही. दहा दिवस रोज १२ लिटर दूध शेणखड्ड्यात ओतलं. (तेही बरोबर नाही, औषध मातीत जातं, हे आता समजलंय.) १२० लिटरचे पैसे मला कोण देणार? शेजारणीची एकच गाय आहे, तिनं अशा वेळी दूध घातलं तर मी तिला दोष देणार नाही.

दिवाळीत तोच सड पुन्हा सुजला. तेच औषध पाच दिवस टोचलं, सूज उतरली नाही. दुधाचा नमुना जिल्ह्याला पाठवला, त्याचा अहवाल नवव्या दिवशी आला. टोचलेलं औषध त्या जंतूंवर चालतच नव्हतं. तोवर सड कायमचा गेला होता. हेच जंतू उद्या माणसाला झाले तर?

नियम नाहीत असं नाही. औषध दिल्यावर दूध-मांस किती दिवस वापरायचं नाही, हे लेबलवर छापावं लागतं. त्या औषधाचे दिवस तपासून ठरवलेले नसतील तर दुधासाठी किमान ७ दिवस, मांसासाठी २८ दिवस, असा केंद्राचा २०१२ चा नियम आहे. माणसांसाठी अगदी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांना द्यायला बंद केलं. पण तालुक्यात कोणतं औषध किती टोचलं गेलं, हे मोजायचं कुणी? डेन्मार्कमध्ये २००० सालापासून कोणत्या गोठ्यात किती औषध गेलं याची सरकारी नोंद होते. माझ्या गायीच्या कानात १२ अंकी पिवळा टॅग आहे. त्यावर लाळ-खुरकुताची लस नोंदवलीय, रेतन नोंदवलंय. अँटिबायोटिकचं एकही इंजेक्शन नोंदवलेलं नाही. त्याच नंबरावर औषधाचं नाव आणि दूध बंद ठेवायचे दिवस लिहा, डेअरीला ते दिसू द्या आणि तेवढ्या दिवसांच्या दुधाची भरपाई द्या. मग कोण मनमानी करतंय ते कळेल.

आणखी एक. आपल्या गुरुवारच्या शेती पानावर पशुवैद्यकांची प्रश्नोत्तरं यायची. ती का बंद केली? त्या श्रावणात मला विचारायला तेवढी एकच जागा होती. ती पुन्हा सुरू करावीत ही विनंती.

आपली,
एक दूध उत्पादक, जि. सातारा