तुझा ५०डी आणि अण्णांचं तांबं

पुणे,
१८ ऑगस्ट

प्रिय मकरंद,

परवा फोनवर तू विचारलंस, ‘आता साध्या फोनवरसुद्धा इतकं छान चित्रण होतं, मग माझ्या त्या जुन्या कॅमेऱ्यामागे तीन महिने का लागलायस?’ मी फडके हौदापाशी पावसात उभा होतो, रिक्षांचा गोंगाट होता, आणि उत्तर दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. म्हणून पत्र.

जूनमध्ये मी अण्णांचं तांब्याची भांडी घडवायचं काम फोनवरच टिपलं होतं. तांबट आळीत संध्याकाळी गेलो, घंगाळाचं बूड भट्टीवर होतं, पाच-सात मिनिटं चित्रण केलं आणि तिथेच त्यांना दाखवलं. अण्णांनी चष्मा पुसला, दोनदा पाहिलं आणि म्हणाले, ‘इतकं पिवळं होईस्तोवर मी ठेवीन होय? पत्रा हातचा जाईल.’ आणि फोन परत दिला.

त्या वाक्याने माझी झोप उडाली. तू त्या घरात वाढलास, तुला हे नवीन नाही, पण मला ते तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं. तांबं ठोकत गेलं की कडक होत जातं, हातोड्याला दाद देईनासं होतं, आणि तसंच ठोकत राहिलं तर तडकतं. म्हणून मधे मधे तापवून ते मऊ करून घ्यायचं. किती तापवायचं, हे अण्णा फक्त रंगावरून ठरवतात. मंद लाल झालं की उचलायचं. तांबं वितळतं १०८५ अंशांना, आणि पिवळ्या रंगापर्यंत जाऊ दिलं तर आपण त्या आकड्याच्या फार जवळ पोचलेलो असतो. भट्टी पेटली की ते ‘तो दिवा घालव रे’ म्हणतात तेही त्यासाठीच. उजेडात तो मंद लाल दिसतच नाही. म्हणजे साठ वर्षांची विद्या त्या एका रंगात आहे, आणि माझ्या चित्रणात नेमका तोच रंग खोटा होता.

खोटा का झाला, ते शोधायला मला आठवडा लागला. फोनने अंधारी खोली पाहिली आणि ती उजळ करायला घेतली. उजेड टिपणाऱ्या सेन्सरवर लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे पिक्सेल असतात, दर चारांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. तापलेल्या तांब्याचा उजेड बहुतेक लाल. त्यामुळे लाल पिक्सेल काठोकाठ भरतात आणि तिथेच थांबतात, हिरवे मात्र अजून भरतच असतात. लाल जागच्या जागी, हिरवा वर चढतोय, अशा वेळी दोन्ही मिळून जो रंग दिसतो तो पिवळा. तांबं पिवळं झालंच नव्हतं. एकदा असं भरून सांडलं की नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी तो लाल परत येत नाही.

आणि मग मला तुझा कॅमेरा आठवला. नागपूरला जाताना तू माझ्या कपाटात ठेवून गेलास तो कॅननचा ५०डी.

तो २००८चा आहे आणि त्यात व्हिडिओची सोयच नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याच वर्षी आलेल्या कॅननच्याच ५डी मार्क टू मध्ये होती, याच्यात नव्हती. पण मागच्या पडद्यावर थेट चित्र दिसतं ना? म्हणजे सेन्सर सेकंदाला कितीतरी वेळा वाचला जातोय, फक्त ते कुठे साठवलं जात नाही. मॅजिक लँटर्न नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. ट्रॅमेल हडसन या माणसाने २००९मध्ये तो ५डी मार्क टू साठी सुरू केला, आणि पुढे जगभरच्या हौशी लोकांनी तो इतर कॅनन कॅमेऱ्यांवर नेला. ५०डीला व्हिडिओ मिळाला तो या लोकांमुळे. २०१३मध्ये त्यांना आणखी मोठी गोष्ट सापडली. थेट चित्र दाखवताना सेन्सरचा अस्सल डेटा, कुठलाही रंग न चढवलेला, १४ बिटचा, कॅमेऱ्याच्या मेमरीत काही क्षण असतोच. तो उचलून तडक कार्डावर लिहायचा. हाच रॉ व्हिडिओ.

(मॅजिक लँटर्न हे नाव वाचलं आणि मला आपले कल्याणचे पटवर्धन आठवले. १८९०च्या दशकात काचेवर हाताने रंगवलेली चित्रं कंदिलाच्या उजेडात पडद्यावर टाकून ते गावोगाव खेळ करायचे. त्या यंत्राला त्यांनी दिलेलं नाव किती गोड आहे बघ, शांबरिक खरोलिका.)

कॅमेरा तुझा, त्यामुळे त्यात काय केलंय ते तुला कळायला हवं. कॅमेऱ्यातलं कॅननचं फर्मवेअर, म्हणजे तो चालवणारा मूळ प्रोग्रॅम, तसंच आहे, फक्त आधी त्याची आवृत्ती १.०.९ असल्याची खात्री करून घेतली. मॅजिक लँटर्न राहतं कार्डावर. कॅमेऱ्यात एक खूण चालू करावी लागते, कार्डावर असा प्रोग्रॅम असेल तर तो चालव, एवढं सांगणारी. साधं कार्ड घातलंस की कॅमेरा पूर्वीसारखा. मी दोन गोष्टी कटाक्षाने पाळतो. कार्डाचं झाकण उघडून लाल दिवा विझेपर्यंत थांबायचं, आणि चित्रण चालू असताना बॅटरीला हात लावायचा नाही. यात कोणाची हमी नसते हे मला माहीत होतं, म्हणून सुरू करण्याआधी तुला विचारायला हवं होतं. ते राहिलं, त्याबद्दल माफ कर.

आता आकडे, कारण तू विचारशीलच. सेन्सरची रुंदी ४७५२ पिक्सेल. थेट चित्रात त्याचा तिसरा हिस्सा वाचला जातो, म्हणजे १५८४. उंची मी ७९२ ठेवली, बरोबर दोनास एक. एक फ्रेम साधारण २.२ एमबी, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला ५३ एमबीच्या जवळपास. हे सगळं कार्डाला विनाखंड झेपलं पाहिजे. नाहीतर मेमरी भरते आणि चित्रण मधेच थांबतं. मी आधी घेतलेलं स्वस्त कार्ड दहा सेकंदही टिकलं नाही. मग वेगवान कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड घेतलं, ३२ जीबीचं, आणि त्यात मावतात दहा मिनिटं. एवढीच. १६ मिलिमीटर फिल्मचा चारशे फुटी रोल २४ फ्रेमने अकरा मिनिटं चालायचा. म्हणजे आपण फिरून तिथेच आलो.

या दहा मिनिटांनी पहिल्या दिवशी मला चांगलाच धडा दिला. अण्णांनी भट्टी फुलवली आणि मी अधीरपणे सुरू करून बसलो. ज्वाळा, धूर, त्यांचा चेहरा, सगळं घेत राहिलो. पत्रा लाल व्हायला लागला आणि कार्ड भरलं. तांबं पाण्यात बुडवताना जो चर्र आवाज येतो आणि वाफेतून तो लाल क्षणात काळवंडतो, ते मी नुसतं उभा राहून पाहिलं. अण्णा म्हणाले, ‘तासाभराने परत तापवायचंच आहे. तोवर बस, चहा घे.’ त्या तासात मी कॅमेरा बंद ठेवून नुसतं पाहिलं. किती ठोक्यांनी भांडं फिरतं, कधी ते हातोडा बदलतात, पत्रा कडक झाला हे त्यांना आधी आवाजावरून कळतं की हातावरून. (मी विचारलं. आधी आवाजावरून, म्हणाले.) दुसऱ्यांदा भट्टी पेटली तेव्हा बटण कधी दाबायचं हे मला माहीत होतं.

मॅजिक लँटर्नमध्ये मला सर्वांत मोलाचा वाटतो तो रॉ हिस्टोग्रॅम. लाल, हिरवा, निळा, तिघांचे आलेख सेन्सरच्या अस्सल आकड्यांवरून वेगवेगळे दाखवतो. म्हणजे लाल भरत आला की आधीच कळतं. मी फक्त लालकडे पाहून एक्स्पोजर धरलं. पडद्यावर बाकी सगळं जवळजवळ काळं. हिंमत लागते रे, इतक्या अंधारात बटण दाबायला! पण नेहमीच्या व्हिडिओत प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात आणि इथे १६,३८४. तळच्या बऱ्याच पायऱ्या नॉइजमध्ये, म्हणजे चित्रातल्या रवाळपणात जातात, हे मान्य. सावल्या फार वर ओढल्या तर या सेन्सरवर पट्टे दिसू लागतात, त्यामुळे मी त्या ओढल्याच नाहीत. खोली अंधारीच होती, ती अंधारीच राहू दिली. अण्णांचे हात आणि अर्धा चेहरा भट्टीच्या उजेडात आहेत, तेवढं पुरतं.

शटर १/५० सेकंद ठेवलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शेजारच्या दुकानातली ट्यूब चित्रात लपलपत नाही.

एका बाबतीत मात्र कॅमेऱ्याने दमवलं. मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोड्याचे ठोके ओळीने उठवणं. ओळीने पडलेले ते एकसारखे ठोके चमकायला लागले की चित्रात भांड्यावर नसलेल्या इंद्रधनुषी रेघा वळवळतात. तीनातली एकच ओळ वाचली जाते, त्याची ही किंमत. कळशीचं पोट म्हणजे तर रेघांची जत्राच. शेवटी जवळच्या दृश्यांसाठी मी थेट चित्र पाचपट मोठं करून घेतलं. तेव्हा सेन्सरचा फक्त मधला तुकडा, पण एकही पिक्सेल न गाळता वाचला जातो. रेघा गेल्या. दृश्याची रुंदी मात्र तिसऱ्या हिश्श्यावर येते, २४ मिलिमीटरची लेन्स ७२सारखी वागायला लागते, म्हणून मला भिंतीला पाठ लावून, काकूंच्या जुन्या बंबाला खेटून उभं राहावं लागलं. तो बंब अजून तिथेच आहे. गीझर आल्यापासून कोणी पेटवला नाही, पण काकू दर दिवाळीला चिंचेने घासतात.

कॅमेऱ्याला माइक नाही, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्यावा लागतो. पण तांबटाच्या कामात चित्र आणि आवाज जुळवणं सोपं आहे. हातोडा पत्र्याला भिडला ती फ्रेम शोधायची आणि आवाजातलं टोक तिथे आणून बसवायचं. क्लॅप द्यायला कोणी लागतच नाही. फ्रेमचा वेग मॅजिक लँटर्नमधून बांधलेला असल्याने लांब तुकड्यात आवाज थोडा सरकतो, मग दर मिनिटाला एखादा ठोका धरून पुन्हा जुळवतो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. रॉ म्हणजे शिधा. रंग नंतर शिजवायचा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा पिवळा-निळा कल, चित्रणात भाजलेला नसतो, संगणकावर सरकवता येतो. फाइल एमएलव्ही ॲपमध्ये, म्हणजे मॅजिक लँटर्नच्या फाइली उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली आणि माझ्या लक्षात आलं की बरोबर रंग कुठला, हे मी सांगूच शकत नाही. मी भट्टी पाहिली होती कॅमेऱ्याच्या पडद्यातून. तो रंग माहीत असलेला माणूस एकच.

गेल्या रविवारी अण्णांना माझ्या घरी आणलं. जिने चढायला वेळ लागला, गुडघे दुखतात, पण येईन म्हणाले. दिवे घालवले, खिडकीवर चादर टाकली, आणि पत्रा तापतानाचा तुकडा लावला. मी रंग हळूहळू सरकवत होतो. ‘हा विस्तवाचा नाही, शेंदराचा आहे.’ आणखी सरकवला. ‘आता काळपट झालं.’ पुन्हा मागे. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, चिमटा धरतात तसा. मी थांबलो. म्हणाले, ‘हां. इथे काढायचं.’

मी व्हाइट बॅलन्सचा आकडा लिहून ठेवला, ३९०० केल्विन. पडद्याचा उजेड विस्तवाइतका नसतो, तो कधीच होणार नाही. पण अण्णांचा हात उचलला गेला, मकरंद. फोनच्या चित्रणात हे करता आलं नसतं, तिथे लाल आधीच सांडून गेला होता.

त्यांनी मग सगळंच पाहिलं, दोन तास. एका ठिकाणी मला थांबवून मागे न्यायला लावलं. मठारकामाची एक ओळ, त्यातला एक ठोका किंचित खाली पडला होता. मला चार वेळा पाहूनही दिसला नव्हता. ‘हे बघ, इथे हात दमला,’ म्हणाले, आणि तो तुकडा काढू नको असंही म्हणाले. मी काढणार नाही.

आजवर चाळीस मिनिटं जमली आहेत. दर वेळी कार्ड रिकामं करून दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतो, एक माझ्याकडे, एक काकूंच्या कपाटात साड्यांखाली.

दसऱ्यानंतर अण्णा एक मोठं घंगाळ घडवायला घेणार आहेत, पत्रा कापण्यापासून मठारापर्यंत. तेवढं मोठं आता पुन्हा घडवणार नाही, असं त्यांनी मला सांगितलंय. तुला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतोय. तेव्हा मला आवाजासाठी एक माणूस लागेल, आणि कुठला ठोका महत्त्वाचा हे कान देऊन ओळखणारा लागेल. ते माझ्या कोणत्याच ओळखीच्याला येत नाही, तुला येतं. चार दिवसांची रजा काढ. अण्णांना मी काही बोललेलो नाही.

आणि येताना ५०डीची दुसरी बॅटरी शोधून आण, बीपी-५११ए. ती तुझ्या निळ्या बॅगेत होती असं मला आठवतंय. इथली एक पाऊण तासात उतरते, आणि पत्रा लाल व्हायला लागला की ती बदलायला वेळ नसतो.

वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
अभय