तपासणी तक्त्यावरील खुणा आणि प्रत्यक्षात न झालेली कामे यांबाबत तक्रार

दि. १२ मे २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग,
मुख्य कार्यालय

विषय : दि. २२ एप्रिल २०२५ रोजी जळगाव येथील आपल्या अधिकृत सेवा केंद्रात झालेली दोन वर्षांची नियमित सर्व्हिसिंग; न केलेल्या कामांची आकारणी; तसेच मालकाने स्वतः केलेल्या तपासणीस ‘छेडछाड’ म्हटल्याबाबत.

महोदय,

मी यावल तालुक्यातील केळी उत्पादक शेतकरी असून एप्रिल २०२३ मध्ये आपल्या कंपनीची पेट्रोल मोटार विकत घेतली. आजवर ती ३८,६०० किलोमीटर चालली आहे. तिची प्रत्येक सर्व्हिसिंग मी मुदतीत आणि आपल्याच केंद्रात करून घेतली आहे, ही गोष्ट आपल्या संगणकावर आपणांस दिसेलच.

माझ्या एका सवयीचा उल्लेख आरंभीच करतो, कारण पुढचा सारा वाद तिच्यावरूनच झाला. आमच्या विहिरीवर डिझेल इंजिन होते, त्या काळी सकाळी हँडल मारण्याआधी ऑइलची कांडी काढून पाहायची, अशी वडिलांची सक्त शिस्त होती. इंजिन गेले, विजेची मोटर आली, पण सवय सुटली नाही. दर रविवारी सकाळी, गाडी रात्रभर सपाट जागी उभी असताना, मी बॉनेट उघडून ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल यांची पातळी पाहतो, स्टेपनीसह पाचही टायरांची हवा स्वतःच्या मीटरने मोजतो आणि आकडे एका वहीत लिहून ठेवतो. यात मी काही विशेष करतो असे नाही. गाडीबरोबर आपणच दिलेल्या पुस्तिकेत मालकाने नियमितपणे करावयाच्या तपासण्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि माझी वही त्याच क्रमाने आखलेली आहे.

दि. २२ एप्रिल रोजी भुसावळमार्गे जळगावला जाऊन मी गाडी केंद्रात दिली. जॉब कार्डावर गाडी आत घेतल्याची वेळ सकाळी १०.१० आणि बाहेर दिल्याची वेळ ११.३५ अशी नोंद आहे. या पंच्याऐंशी मिनिटांत गाडी धुण्याचाही वेळ आला. ७,८४२ रुपयांचे बिल मी भरले. सोबत मिळालेल्या तपासणी तक्त्यातील प्रत्येक ओळीपुढे ‘योग्य’ची खूण होती, एकही ओळ रिकामी नव्हती आणि एकाही ओळीत शेरा नव्हता.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, यंदा ३० एप्रिलला होती. खान्देशात आखाजीला लेक माहेरी आणण्याची रीत आहे, हे आपल्या मुख्य कार्यालयात कदाचित ठाऊक नसेल. रविवारी, दि. २७ रोजी चोपडा-शिरपूरमार्गे शहाद्याला लेकीकडे जायचे, दुसऱ्या दिवशी नातवंडांना तोरणमाळ दाखवायचे आणि सर्वांना घेऊन परतायचे, असे ठरले होते. शनिवारी संध्याकाळी शेडमधील सिमेंटवर, इंजिनाच्या बरोबर खाली, तेलकट डाग दिसला. रात्री तिथे जुने वर्तमानपत्र अंथरून ठेवले. पहाटे त्यावर रुपयाएवढे तीन ताजे थेंब होते. म्हणून त्या दिवशीची तपासणी मी नेहमीपेक्षा अधिक बारकाईने आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून केली. त्यात जे आढळले ते असे.

ऑइलची कांडी पुसून पुन्हा घालून काढली असता पातळी कमाल खुणेच्याही सुमारे बोटभर वर होती. पुस्तिकेनुसार फिल्टरसह या इंजिनात ३.१ लिटर ऑइल लागते; बिलात ३.५ लिटर लावले आहे. म्हणजे जास्तीचे ऑइल आकारलेही गेले आणि ओतलेही गेले. एवढ्यापुरता हिशेब प्रामाणिक आहे, असे म्हणावे लागेल! परंतु कमी ऑइल जसे वाईट तसे जास्तही वाईट. फिरता क्रँकशाफ्ट ते घुसळू लागला की फेस होतो, आणि फेसाळलेले ऑइल बेअरिंगांना नीट वंगण देऊ शकत नाही. थेंब मात्र चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालील ऑइलच्या टाकीच्या, नटापाशी जमत होते. नट पुरता आवळलेला नव्हता की खालचा वॉशर जुनाच ठेवला होता, हे मी सांगू शकत नाही, कारण वॉरंटीतील गाडीच्या त्या भागाला मी हात लावलेला नाही.

सकाळी सहा वाजता, गाडी जागची हललेली नसताना, टायरांची हवा ४१, ४०, ४१ आणि (मागच्या उजव्या टायरात) ३६ पीएसआय भरली. चालकाच्या दाराजवळील पट्टीवर ३३ हा आकडा छापलेला आहे आणि तपासणी तक्त्यातही पाचही टायरांपुढे ३३ असेच लिहिलेले आहे. स्टेपनीत प्रत्यक्षात १७ होती. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, डांबर त्याहून तापते आणि धावत्या टायरातील हवेचा दाब सकाळच्या आकड्याच्या वर चढतो. थंड टायरातच ४१ असेल तर दुपारी रस्त्यावर किती होईल, याचा विचार हवा भरणाऱ्याने करायला हवा होता. मागच्या उजव्या टायरात इतरांपेक्षा चार-पाच कमी का, याचा विचार तर कोणीच केलेला दिसत नाही.

कूलंट टाकीच्या किमान खुणेला टेकलेले होते आणि वायपरची पाती काचेवर रेघा ओढत होती. दोन्हींपुढे ‘योग्य’.

एअर फिल्टरविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहावे लागेल. आमचा भाग काळ्या मातीचा आहे. पाऊस सरला की ही माती पिठासारखी बारीक होते, आणि केळीचे ट्रक शेतरस्त्याने ये-जा करू लागले की तासभर खाली बसत नाही. धुळीच्या प्रदेशात एअर फिल्टर ठरलेल्या अंतरापूर्वीच तपासावा, असे आपली पुस्तिका सांगते. म्हणून रविवार दि. १९ जानेवारी रोजी मी फिल्टर बाहेर काढून झटकला आणि पुन्हा बसवताना त्याच्या कडेवर पेन्सिलीने ‘१९/१’ असे लिहून ठेवले. हेतू इतकाच की पुढच्या वेळी तारीख आठवावी लागू नये. दि. २२ एप्रिलच्या बिलात नव्या एअर फिल्टरचे ४१० रुपये लावलेले आहेत. दि. २७ रोजी झाकण उघडले तेव्हा आत तोच फिल्टर होता, त्याच्या घड्यांत तीच धूळ होती आणि कडेवर माझ्याच अक्षरात ‘१९/१’ होते.

हे पाहिल्यावर उरलेल्या कामांविषयीही शंका आली. बिलात ब्रेक ऑइल बदलल्याचे २६० रुपये आणि त्याची मजुरी ५५० रुपये आहे. टाकीतील ऑइल पूर्वीइतकेच गडद दिसले, पण केवळ रंगावरून मी आरोप करणार नाही. मला खात्री पटली ती चाकांपाशी. ब्रेक ऑइल बदलायचे म्हणजे प्रत्येक चाकामागील निपलवरची रबरी टोपी काढून जुने ऑइल बाहेर सोडावे लागते. माझ्या गाडीच्या चारही टोप्यांवर अवकाळी पावसात उडालेला काळ्या मातीचा चिखल वाळून घट्ट बसलेला होता. तो कुठे तडकलेलाही नव्हता. टोपी न काढता ऑइल बदलण्याची काही पद्धत आपल्या केंद्रास अवगत असेल, तर ती समजून घ्यायला मला आवडेल. ही बाब मला सर्वांत गंभीर वाटते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे ते कमी तापमानाला उकळू लागते, आणि लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की त्यात वाफ होऊन पेडल पायाखाली बसू शकते. म्हणूनच ते दोन वर्षांनी किंवा ४०,००० किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा, बदलायला आपली पुस्तिका सांगते. तोरणमाळच्या वळणावळणाच्या घाटातून मी ही गाडी दोन नातवंडांना बसवून, ऑइल नवे आहे या समजुतीने उतरवणार होतो.

अर्थात आम्ही निघालो नाही. लेक मुलांना घेऊन दोन दिवसांनी एसटीने आली.

सोमवारी, दि. २८ रोजी दूरध्वनी केला असता सर्व्हिस अॅडव्हायझरनी सांगितले की, “उन्हाळ्यात ऑइल पातळ होतं, थोडं गळतंच.” हे उत्तर मी वहीत तसेच उतरवून ठेवले आहे. मंगळवारी, ऑइलची पातळी पुन्हा पाहून, मी गाडी स्वतः केंद्रात नेली. तिथे एका तरुण कारागिराने गाडी वर घेऊन चेंबरचा नट आवळला. नटाला जवळजवळ पाऊण फेरा बसला, हे मी शेजारी उभा राहून पाहिले. मात्र या कामाची कोणतीही नोंद जॉब कार्डावर करण्यास नकार देण्यात आला. जादा ऑइल काढून घ्या, ही विनंतीही मान्य झाली नाही.

त्यानंतर केंद्राच्या व्यवस्थापकांसमोर फिल्टर बाहेर काढून त्यावरील तारीख दाखवली. आधी त्यांनी “नवा फिल्टरसुद्धा तुमच्याकडच्या धुळीत चार दिवसांत असाच दिसतो” असे सांगितले. नव्या फिल्टरवर माझे जानेवारीतील अक्षर कसे आले, असे विचारल्यावर ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “काका, तुम्ही बॉनेट उघडून स्वतः फिल्टर काढलाय. ही छेडछाड झाली. वॉरंटीत अडचण येऊ शकते.” जुना फिल्टर तुम्हीच परत बसवला असेल, असेही त्यांनी सुचवले. तसे असते तर नवा फिल्टर काढून जुना बसवण्यासाठी तो जुना फिल्टर मला कोणीतरी परत दिलेला असायला हवा होता. केंद्राने मला एकही जुना भाग परत दिलेला नाही, आणि ‘जुने भाग ग्राहकास दिले’ या ओळीपुढे माझी स्वाक्षरी नाही.

पैसे परत मिळतील न मिळतील, पण त्या वाक्याचा मला अधिक खेद आहे. कांडी पाहणे, हवा मोजणे, फिल्टर झटकणे ही कामे मालकाने करावीत असे पुस्तिकेत छापायचे, आणि त्याने ती केल्यावर वॉरंटीची भीती घालायची, या दोन गोष्टी एकाच कंपनीच्या असू शकत नाहीत. माझ्याकडे वही नसती, तर माझ्या तक्रारीला पुरावा नव्हता. वही आहे, तर मीच संशयित. ग्राहकाने नेमके काय करावे?

नट आवळणाऱ्या त्या कारागिराविषयी माझी तक्रार नाही, आणि या पत्रामुळे त्याच्यावर कारवाई होऊ नये अशी विनंती आहे. निघताना तो हळूच म्हणाला की, सणाच्या तोंडावर गाड्यांची रांग लागते आणि तक्ता भरून झाल्याशिवाय संगणकावर बिल निघत नाही. या एका वाक्यात मला पंच्याऐंशी मिनिटांचा उलगडा झाला. जिथे खूण केल्यावाचून गाडी बाहेर पडत नाही, तिथे खूण होणारच. त्या जागी मोजलेला आकडा लिहिण्याची सक्ती असती, म्हणजे कांडीवरची पातळी किती, टायरात हवा किती, ब्रेक पॅड किती मिलिमीटर उरले, तर निदान मोजण्यासाठी तरी कोणाला वाकावे लागले असते.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. एअर फिल्टरचे ४१०, ब्रेक ऑइलचे २६०, त्याच्या मजुरीचे ५५० आणि जादा ०.४ लिटर ऑइलचे २०८, असे करांसह एकूण १,४२८ रुपये मला परत मिळावेत. ब्रेक ऑइल आणि फिल्टर बदलण्याचे आणि ऑइलची पातळी योग्य करण्याचे काम कंपनीने अन्य केंद्रात, माझ्या समक्ष करून द्यावे. त्या कामाचे रीतसर पैसे मी भरीन, जुने भाग मात्र माझ्या ताब्यात द्यावेत. चेंबरचा नट सैल राहिल्याची आणि तो दि. २९ एप्रिल रोजी आवळल्याची लेखी नोंद माझ्या गाडीच्या सेवा-इतिहासात व्हावी, जेणेकरून पुढे इंजिनात काही दोष निघाल्यास आजचा हा प्रसंग कोणाला नाकारता येणार नाही. आणि पुस्तिकेत सांगितलेल्या तपासण्या मालकाने केल्याने वॉरंटीस कोणतीही बाधा येत नाही, असे पत्र मला आपल्या कार्यालयाच्या शिक्क्यानिशी मिळावे. या शेवटच्या मागणीवर मी तडजोड करणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल मी जळगाव येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. ग्राहकास स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यामुळे त्यासाठी मला आपल्या मुख्य कार्यालयाच्या शहरात यावे लागणार नाही.

सोबत बिल, जॉब कार्ड व तपासणी तक्ता यांच्या छायाप्रती, दि. २७ एप्रिलची चौदा छायाचित्रे आणि माझ्या वहीतील जानेवारी ते एप्रिलची पाने जोडली आहेत. मूळ वही आणि ‘१९/१’ लिहिलेला फिल्टर माझ्याकडे आहे. फिल्टर अजून गाडीतच बसवलेला आहे. आपला प्रतिनिधी येऊन पाहीपर्यंत तो मी काढणार नाही. गाडीही तोवर गावाबाहेर नेणार नाही. प्रतिनिधी सकाळी सहाच्या सुमारास आल्यास टायर थंड असताना हवाही मोजता येईल.

आपला,
वाहनमालक
(नाव, पत्ता व वाहन क्रमांक सोबतच्या जॉब कार्डावर नमूद)
यावल तालुका, जि. जळगाव