पक्या, ती फाइल आधी पुसून टाक

लियों, २३ जून

प्रिय पक्या,

फ्रान्समधल्या आपल्या सप्टेंबरच्या सायकल सहलीसाठी तू ॲपवर आखलेल्या रस्त्याची जीपीएक्स फाइल एप्रिलमध्ये आली आणि उत्तर आज लिहितोय. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग वाच. आळस नव्हता, कारण खाली येईल. तब्येत बरी. गुडघा आहे तसाच.

आता फाइल. ती तू नकाशा समोर पसरून काढलेली नाहीस, हे पहिल्या दहा किलोमीटरमध्येच कळतं. ॲपला 'रोड बाइक' म्हटलं की ते गुळगुळीत डांबर आणि सरळ रेघ शोधतं. दीजों ते शान्यीमध्ये ती रेघ म्हणजे डी ९७४, जुना राष्ट्रीय महामार्ग. उजव्या हाताला जगातले सगळ्यांत महाग द्राक्षमळे आणि डाव्या कानाशी ट्रक. गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर आणि गावात एक मीटर अंतर ठेवूनच पुढे जायचं असा इथे कायदा आहे, बहुतेक जण पाळतातही. पण ट्रकचाच आवाज ऐकायचा तर तुला सोलापूर रोड काय वाईट आहे?

त्याच वाटेवरच्या बोन आणि सांतने या गावांमधला उतार असा आहे बघ. पूर्वेला सपाटीवर मोटरवे, मग उताराच्या पायथ्याशी डी ९७४, आणि सगळ्यांत वर जंगलाचा काठ. मधल्या उतारावर, ना फार वर ना फार खाली, भारी वाइनची शेतं. पाणी वाहून जातं, ऊन पुरेसं लागतं, माती पातळ. डी ९७४ च्या पूर्वेला उतरलास की बहुतेक साध्या दर्जाची वाइन सुरू होते. तुझा रस्ता त्या मधल्या पट्ट्यातूनच जायला हवा. आडव्या समउंचीवर असल्यामुळे तो जवळपास सपाट राहतो. मिशेलिनच्या १:१,५०,००० नकाशावर लाल रस्ते मोठे, पिवळे मधले आणि पांढरे आपले. पांढऱ्याला हिरवी कड असेल तर डोळे झाकून जा, म्हणजे उघडे ठेवून.

बोनहून निघणारी 'व्ह्वा दे व्हीन्य' म्हणजे वेलींची वाट. पोमार, व्होल्ने, मर्सो, प्युलिन्यी-मोंराशे, शासान्य-मोंराशे, सांतने. सुमारे २२ किमी. (मोंराशेतला 'ट' म्हणू नकोस. मागे विद्यासमोर म्हणाला होतास, अजून तीच सांगत असते.) ही मुळात ट्रॅक्टरची वाट आहे, सायकलसाठी बांधलेली नाही, हे विसरू नकोस. डांबर आहे, पण वळणावळणावर आडव्या पन्हाळी आहेत, उतारावरचं पाणी पलीकडे न्यायला. त्या तिरक्या ओलांडल्यास तर पुढचं चाक घसरतं. चाक काटकोनात घाल. जोराचा पाऊस पडून गेला की वरच्या शेतातली चुनखडीची बारीक खडी वाहून येते आणि वळणाच्या आतल्या बाजूला पंख्यासारखी पसरते. कोरडी झाली की डांबराच्या रंगात मिसळते, दिसतच नाही. उतारावर वळण आलं की आतून कापायचा तुझा जो स्वभाव आहे, तो तेवढे २२ किमी खिशात ठेव.

आणि तारखा! सप्टेंबरचा दुसरा आठवडा. तुला कोणी सांगितलं की तेव्हा शांतता असते? बहुतेक वर्षी तेव्हा तोडणी चालू असते. सकाळी सातला मजुरांच्या पांढऱ्या व्हॅन, बाराला जेवायला परत, दीडला पुन्हा. आणि ते उंच पायांचे ट्रॅक्टर, ज्यांच्या पोटाखालून वेलांची अख्खी ओळ जाते. रुंदी रस्त्याएवढीच. समोरून आला की गवतात पाय टेकून उभा राहा, वेलांच्या ओळीत शिरू नकोस. कोठारांच्या दारांसमोर रस सांडून रस्ता चिकट झालेला असतो आणि त्यावर गांधीलमाश्या. पाऊस झाला तर चाकांबरोबर आलेली माती डांबरावर साबणासारखी पसरते. पण तारखा बदलू नकोस, रजा मिळणं काय असतं ते मला माहीत आहे. फक्त वेलींची वाट साडेबारा ते दीड या वेळात कर. सगळा देश जेवत असतो. ती खरी शांतता. त्याची किंमत एवढीच की दुपारी दुकानं बंद, म्हणजे तुझं जेवण अकराच्या आत पिशवीत पाहिजे. तुझा दुसरा दिवस रविवार आहे, त्या दिवशी दुपारनंतर लहान गावांत पावही मिळत नाही, आणि सोमवारी बरीच दुकानं उघडतच नाहीत. पाणी दफनभूमीत. फाटकाजवळ नळ असतो, 'नॉन पोताब्ल' अशी पाटी नसेल तर पी.

आता भांडण. गिअर. पुढे ५३-३९ दातांची चक्रं आणि मागे ११-२५ ची घेऊन येणार म्हणतोस. बोपदेव घाट त्याच्यावर चढला होतास, हे सतरा वेळा ऐकून झालंय. तो २००९ चा तू. बोनच्या पश्चिमेला सें-रोमें, ऑर्श, ला रोशपोकडे वळलास की (आणि वळच, पांढऱ्या कड्यांखालचा तो रस्ता चुकवू नकोस) चढ लांब नाहीत, पण मध्येच दहा-अकरा टक्क्यांचे तुकडे येतात. गणित कर. ३९-२५ वर मिनिटाला साठ फेऱ्यांनी ताशी १२ किमी होतात. तू आणि सायकल आणि पिशव्या मिळून ८५ किलो धरले तर ११ टक्क्यांवर त्याला तीनशे वॅट लागतात. आहेत का? नसले की फेऱ्या चाळीसवर येतात, आणि तेव्हा सगळा भार गुडघ्यावर. क्रँक बदलू नकोस. तुझा १३० मिमी बीसीडीचा (म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) आहे, त्यावर ३८ दातांपेक्षा लहान चेनरिंग, म्हणजे पुढचं चक्र, बसतच नाही, उगाच पैसे जातील. मागे ११-३२ कॅसेट, म्हणजे चक्रांचा संच, टाक. त्याला आखूड केजचा (दांडीचा) डिरेलर, म्हणजे साखळी चक्रांवरून सरकवणारा भाग, झेपणार नाही, मीडियम केज लागेल, आणि साखळीच्या कड्या वाढतील; पुढच्या आणि मागच्या सगळ्यांत मोठ्या चक्रावर टाकून मोजून घे. तेवढ्याने त्याच साठ फेऱ्यांना तीनशेचे दोनशे पस्तीस वॅट होतात. बापटला विचार, तोही हेच सांगेल आणि वर दोन तास बोलेल.

टायर २३ मिमीचे नकोत. ब्रेकखाली बसत असतील तर २८, पुढे ७० मागे ७५-८० पीएसआय. तू ११० भरतोस ते आता कोणी भरत नाही. वाटेवर वेलींच्या तारेचे तुकडे आणि तार अडकवायच्या बारीक पिना पडलेल्या असतात, म्हणून दोन ट्यूब, पॅच आणि टायरच्या आतून लावायला जाड तुकडा.

गुडघ्याचं वर लिहिलं. डॉक्टर म्हणतात सपाटीवर तासभर, चढ बंद. म्हणजे मी येत नाहीये. हे वाक्य लिहायला दोन महिने लागले. पुढे.

तर आता तू एकटा आहेस, आणि माझी झोप जाते ती त्यामुळे. वाऱ्याला आळीपाळीने पुढे कोण राहणार? इथे 'बीझ' सुटते, उत्तरेची, कोरडी. तू उत्तरेकडून दक्षिणेला जातोयस म्हणून ती पाठीला, ते बरंय. दक्षिणेचा वारा लागला तर मात्र समज की पाऊस येतोय, त्या दिवशी पन्नासच्या वर जाऊ नकोस. गावाची लाल कडेची पांढरी पाटी ओलांडली की उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याचा हक्क आधी. पिवळा चौकोन दिसला तरच तुझा. ही गोष्ट तुझ्या पुणेरी रक्तात नाही, म्हणून दोनदा लिहितो: उजवीकडे बघ, उजवीकडे. संधिप्रकाशात गावाबाहेर पिवळं जाकीट सक्तीचं. हेडफोन एका कानातही चालत नाही. वाइनची मर्यादा गाडीवाल्याला जेवढी तेवढीच तुला, रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, लाजू नकोस. आणि बाटली घेऊ नकोस, एक बाटली सव्वा-दीड किलो, अकरा टक्क्यांवर ती शिव्या देते.

दुसरा दिवस मी तोडून दोन केलाय. बोन ते माकों एका दमात १२० होतात, तुझ्या फाइलमधल्या सरासरी २६ ने नाही होणार. सांतनेहून शान्यी, र्‍युली, मेर्क्युरे करत जिव्री, तिथून ब्युसी, मुक्काम तिथे. जिव्री ते क्लुनी हा ४४ किमीचा जुना रेल्वेमार्ग १९९७ मध्ये सायकलींसाठी खुला केला, या प्रकारातला देशातला पहिलाच. आगगाडीचा रस्ता, त्यामुळे चढ अगदी नावाला. जिथे रस्ता आडवा जातो तिथे खांब किंवा फाटक आहे, पिशव्या लावलेल्या असतील तर हँडल नाही, मागची पिशवी अडकते. वेग कमी कर. क्लुनीपुढे बोआ-क्लेरचा १.६ किमी बोगदा. वटवाघळांसाठी हिवाळ्यात बंद असतो, सप्टेंबरमध्ये उघडा. आत दिवे असतात, तरी तुझा लाव. कात्रजसारखा धूर नाही, पण घामाने भिजून शिरलास तर गारठशील, जाकीट आधी घाल.

आणि हे बघ. त्या सगळ्यात कोर्मातें ते क्लुनी बारा-तेरा किलोमीटर तुकडा आहे. सपाट. तासाभराचा. मी गाडीने कोर्मातेंला येतो, सायकल मागे टाकून, सकाळी दहाला जुन्या स्टेशनपाशी. तू पुढे राहशील, तुझ्या २६ ने नाही, माझ्या तेराने. मान्य असेल तर कळव.

आईंच्या मोतीबिंदूचं काय झालं? सईला कोणतं कॉलेज मिळालं? सुलभाताईंच्या घराचं वाचलं, फार वाईट वाटलं, सविस्तर फोनवर.

आणखी एक. मागच्या डिरेलरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जिच्यावर बसतो ती पट्टी, जादा घेऊन ये. तुझ्या जुन्या फ्रेमचा हँगर इथल्या गावच्या दुकानात मिळणं अवघड, विमानात सायकल आडवी पडली की तोच पहिला वाकतो. त्याचा आतल्या बाजूने फोटो काढून पाठव, भोकं दिसतील असा. मी इथे एक शोधून ठेवतो.

तुझा,
सुध्या