‘कुटुंबा’च्या बोर्डावरचा आकडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातले ‘कंपनी नव्हे, कुटुंब’ हे ऊर्जा कंपन्यांचे पानभर कौतुक वाचले. वाचता वाचता पोदेराचे पाव गार झाले, डोके मात्र अजून थंड व्हायचे आहे. फोटो सुरेख. हेल्मेटे नवी कोरी, एकावरही ओरखडा नाही. ‘इथे मोकळेपणाने बोलता येते’ असे सांगणारे सहाही जण अधिकारी निघाले, हा योगायोगच म्हणायचा.

मीही एका मोठ्या ऊर्जा कंपनीत बत्तीस वर्षे काढली, गोव्याबाहेर. नाव लिहीत नाही, औषधांची बिले अजून तिथूनच मंजूर होतात. (तुमच्या लेखात इथल्या, गोव्यातल्या बेतूलच्या, ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या संस्थेचा उल्लेख आहे म्हणून सांगतो, माझी कंपनी ती नव्हे.)

आमच्या गेटवर एक हिरवा बोर्ड होता: ‘अपघाताविना दिवस’. सिक्युरिटीवाला रोज सकाळी आकडा एकाने वाढवायचा. एकदा शटडाऊनच्या, म्हणजे कारखाना बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या कामात ठेकेदाराच्या एका पोराची दोन बोटे फ्लँजमध्ये, पाइपांच्या जोडाच्या चकत्यांत, चेंगरली. बेळगावकडचा, वीस-बावीस वर्षांचा. त्या पाळीचा सुपरवायझर मी. टाके पडले, डॉक्टर म्हणाले पंधरा दिवस घरी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पोरगा हजर! ठेकेदाराने जीप पाठवून आणवला होता. हात गळ्यात बांधलेला. स्टोअरमध्ये खुर्ची टाकून त्याला बसवले, पुढ्यात गेटपासचे रजिस्टर ठेवले. उजवाच हात जायबंदी, लिहिणार कशाने? पण हजेरी लागली. हजेरी लागली म्हणजे कामाचा दिवस बुडाला नाही, आणि दिवस बुडाला नाही म्हणजे अपघात झालाच नाही. तेव्हाच्या कारखाना कायद्याप्रमाणे माणूस 48 तास कामावर येऊ शकला नाही तर ते वर कळवावे लागे. त्यावर तोडगा ही खुर्ची. तिला ‘लाइट ड्यूटी’ म्हणतात. त्या दिवशीही बोर्डावरचा आकडा एकाने वाढला.

मी रिपोर्टात ‘दोन बोटे चेंगरली’ असे लिहिले होते. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. ‘फर्स्ट एड केस लिहा हो, आपल्याच घरातली गोष्ट आहे.’ मी लिहिले. हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला मी मोठा शूर वाटायचो.

चार महिन्यांनी ‘दहा लाख सुरक्षित मनुष्यतास’ पुरे झाले म्हणून मांडव पडला. कायम नोकरीवाल्यांना प्रत्येकी एक कॅसरोल, ठेकेदाराच्या माणसांना लाडवाचा पुडा. तो पोरगा तोवर काम सोडून गेला होता. कॅसरोल अजून घरात आहे, झाकणावर कंपनीचा शिक्का. बायको त्यात चवथीच्या नेवऱ्या ठेवते. मी आजवर दोनदा दुसरा डबा आणून दिला.

हे आमच्याच गेटवर घडते असेही नाही. 20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ ही समुद्रात तेलविहीर खोदणारी रिग पेटली, अकरा माणसे गेली. बडे साहेब त्याच दिवशी रिगवर आले होते आणि सात वर्षांत कामाचा दिवस बुडवणारा एकही अपघात नाही म्हणून कामगारांची पाठ थोपटत होते. विहिरीच्या दाबाची चाचणी त्याच दिवशी चुकीची वाचली गेली. आता दाब काही बोर्डावर लिहीत नाहीत.

असो. पुढचे असे पान काढाल तेव्हा तुमच्या वार्ताहराला कॉन्फरन्स हॉलमध्ये बसवू नका. सकाळी साडेसहाला गेटबाहेर उभे करा, ठेकेदाराची माणसे टेम्पोतून उतरतात तिथे. कँटीनमध्ये त्यांची रांग वेगळी का, ओळखपत्राच्या फितीचा रंग वेगळा का, एवढे विचारले तरी पुरे. मात्र सोबत साहेब नको.

जाता जाता एक. फेब्रुवारी 2024 मध्ये बेतूलला ‘ऊर्जा सप्ताह’ भरला, जगभरची माणसे आली. आमच्या वाड्यावर पावसाचा शिंतोडा पडला की वीज जाते. त्याबद्दलच्या माझ्या मागच्या पत्राची शेवटची चार वाक्ये तुम्ही कापलीत, नेमकी कामाची होती ती. या पत्रात जागा कमी पडली तर कॅसरोल कापा. बोटे राहू द्या.

आपला,
एक निवृत्त सुपरवायझर, फोंडा