पीएसए पुन्हा चढतो तेव्हा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रोस्टेट कर्करोगाच्या जागृती महिन्यानिमित्त आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. लक्षणे, तपासण्या, शस्त्रक्रिया हे सारे त्यात नीट सांगितले आहे. पण ‘काही रुग्णांत हार्मोन उपचार पुढे निष्प्रभ ठरतात’ या एका वाक्यावर लेख आटोपतो, आणि नेमके तिथूनच माझ्या काउंटरवरचे भांडण सुरू होते. अमरावतीत माझे औषधांचे दुकान आहे. दोनेक वर्षे तळाला असलेला पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते प्रथिन, रक्तात मोजून आजाराचा अंदाज घेतात) चढू लागला की रुग्णाचा मुलगा पाकीट समोर टाकून विचारतो, “कंपनी बदलली का हो? डुप्लिकेट तर नाही ना?” बनावट औषधांच्या बातम्या वाचल्यावर असा संशय येणारच. इंजेक्शनची तारीख चुकली का, गोळी कशी घेता, हे मी आधी विचारतो. बहुतेकदा तिथे काही गफलत नसते. गोळी तीच असते, गाठ मात्र पहिल्यासारखी राहिलेली नसते.

वृषण काढून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तोडले की प्रोस्टेटचा पसरलेला कर्करोगही मागे हटतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्येच दाखवले. हगिन्स यांना १९६६ चे नोबेल मिळाले. आजची महिन्याची किंवा तीन महिन्यांची इंजेक्शने तेच काम करतात. खर्चामुळे आपल्याकडे अनेक जण अजूनही शस्त्रक्रियाच करून घेतात. गुण बहुतेक सगळ्यांना येतो. पसरलेल्या आजारात तो बहुधा कायम टिकत नाही, हे मात्र घरच्यांना सुरुवातीलाच कोणी सांगत नाही. निदान लक्षात राहील असे तरी नाही.

का टिकत नाही, हे आमच्या भागात बोंडअळीवरून सांगितले की लगेच कळते. बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी मरायची. ज्या थोड्या तगल्या त्यांचीच पिलावळ वाढली आणि २०१७ मध्ये ती बीटी कपाशीवरच कशी तुटून पडली ते आपण पाहिले. गाठीतल्या पेशीही एकसारख्या नसतात. टेस्टोस्टेरॉन ज्याला चिकटून पेशीला वाढायला लावते, तो अँड्रोजेन रिसेप्टर काही पेशी भरमसाट तयार करतात, मग उरलेसुरले हार्मोनही त्यांना पुरते. हार्मोन उपचारांना न जुमानणाऱ्या सुमारे ३० टक्के गाठींत या रिसेप्टरच्या जनुकाच्या जादा प्रती फिनलंडच्या संशोधकांना १९९५ मध्ये सापडल्या. काही पेशी मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीकडून येणाऱ्या कच्च्या मालातून स्वतःपुरते टेस्टोस्टेरॉन बनवून घेतात. अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालेले अबिराटेरॉन हा रस्ता बंद करते. तर पुढे एआर-व्ही७ नावाचा रिसेप्टरचा एक तुटका प्रकार दिसू लागतो. त्याला हार्मोन बसायची जागाच नसते, तरी तो चालूच राहतो! तिथे हार्मोन रोखून काय साधणार? जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रक्तातल्या कर्कपेशींत हा प्रकार असलेल्या एकाही रुग्णाचा पीएसए अबिराटेरॉन किंवा एन्झालुटामाइडने (ही रिसेप्टरला अडवणारी गोळी) निम्म्यापर्यंतही उतरला नाही.

फ्लुटामाइड या जुन्या गोळीची गोष्ट तर याहून चमत्कारिक. ती रिसेप्टरला अडवते. पण जनुकात एक छोटासा बदल झाला की तो रिसेप्टर गोळीलाच हार्मोन समजू लागतो. गोळी थांबवल्यावर काही रुग्णांचा पीएसए चक्क उतरतो, असे न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधील केली आणि शर यांनी १९९३ मध्ये नोंदवले. असे काही घडले की ‘गोळीनेच घात केला’ हे गावभर होते. आधी तिनेच आजार रोखून धरला होता, हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. (ती कधी थांबवायची ते डॉक्टरांनी ठरवायचे. आणि तिच्याबरोबर इंजेक्शनही बंद करायचे नसते.)

बोंडअळीचे उदाहरण मात्र इथपर्यंतच चालते. अळी तगली तरी अळीच राहते. प्रोस्टेटची पेशी कधी कधी जातच बदलते. टीपी५३ आणि आरबी१ ही दोन जनुके निकामी झाली की ती प्रोस्टेटचे गुणधर्म सोडून चेतापेशीसारखी वागू लागते, असे २०१७ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी उंदरांवर आणि प्रयोगशाळेतल्या पेशींवर दाखवले. डॉक्टर याला न्यूरोएंडोक्राइन प्रकार म्हणतात. आपल्या आयआयटी कानपूरमधील बुशरा अतीक यांच्या गटाचे २०२० मधले काम याच विषयावरचे आहे. स्पिंक-१ या जनुकाला अँड्रोजेन रिसेप्टर एरवी दाबून ठेवतो. हार्मोन तोडले की ते मोकळे सुटते आणि पेशीला रूप बदलायला हातभार लावते. म्हणजे ज्या उपचाराने माणूस जगतो, तोच पुढे या बदलाची वाट काही अंशी मोकळी करतो. म्हणून उपचार टाळायचे असे नाही, त्यांच्याविना आजार कितीतरी लवकर हाताबाहेर जातो.

माझ्या मते आपण ठळक छापावे ते पुढचे. जात बदललेली ही पेशी पीएसए बनवणे जवळजवळ सोडून देते. मग रिपोर्ट छान दिसतो आणि माणूस खंगत जातो. ‘पीएसए तर नॉर्मल आहे’ म्हणून घरचे कंबरदुखीला बाम नेतात, वजन घटते त्याला वय म्हणतात. अशा वेळी स्कॅन आणि गरज पडल्यास नव्याने बायोप्सी लागते, कारण तिथे औषधच वेगळे: प्लॅटिनम गटातली केमोथेरपी. पहिल्या बायोप्सीच्या कागदावर शेवटपर्यंत विसंबून चालत नाही.

तेव्हा विनंती अशी, की एखाद्या कर्करोगतज्ज्ञाकडून याच विषयावर दुसरा लेख लिहून घ्यावा. बायोप्सी पुन्हा कधी करायची, बीआरसीए जनुकांची (यांतला दोष घराण्यात चालत येऊ शकतो) तपासणी कोणी करायची, सुरुवातीलाच दोन औषधे का देतात (त्याने आयुष्य वाढते हे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे, पण लोकांना ते बिल फुगवणे वाटते), हे त्यात यावे. आणि रुग्णालयांनाही एक सांगणे आहे. पीएसए चढू लागला की त्याच रक्तात टेस्टोस्टेरॉनही मोजून शेजारी लिहा. ते ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर इंजेक्शन आपले काम करते आहे, हे मुलाला कागदावरच दिसेल.

कळावे,
एक औषध विक्रेता, अमरावती